गाव कुठलं तुमचं?

परवा दुपारी मी वाल निवडत बसले होते, तेवढ्यात आमच्या आळीतल्या काकू मोबाइल हातात धरूनच आल्या. बसल्याही नाहीत, आधी मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत त्यांची लेक होती. अंगावर आपली नारायणपेठी, एका हातात इवलासा अमेरिकेचा झेंडा, दुसऱ्या हातात कसलंसं प्रमाणपत्र. चेहऱ्यावर हसू, पण डोळे भरून आलेले.

‘‘झाली गं अमेरिकन,’’ काकू म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी म्हटलं, ‘‘अहो काकू, यात रडायचं काय? इतकी वर्षं झाली तिला तिकडे. घर तिकडे, नोकरी तिकडे, मुलं तिकडची. कागद फक्त आता झाला.’’

‘‘तुला काय जातंय बोलायला! लग्नात तिला परकी केली तेव्हा एवढं वाटलं नव्हतं. सासरचं गाव का होईना, देश तरी आपला होता. आता आपला पासपोर्टसुद्धा परत करायचाय म्हणे.’’

मी पाणी दिलं. दोघी मिळून वाल निवडू लागलो. थोड्या वेळाने काकू शांत झाल्या आणि मग त्यांनी एक प्रश्न विचारला. ‘‘मला एक सांग, तू शिकलेली आहेस. चार प्रश्नांची उत्तरं दिली, हात वर करून शपथ घेतली, की झाला माणूस अमेरिकन? असा कसा तो देश? माझे सासरे साठ वर्षांपूर्वी घाटावरून रोह्यात आले. इथेच राबले, इथेच गेले. तरी अजून आम्हाला लोक विचारतात, मूळ गाव कुठलं तुमचं?’’

मैत्रिणींनो, खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता, पण अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध आम्ही वाचलं ते परीक्षेपुरतं. काकू गेल्या, प्रश्न मात्र मागे राहिला. मग जुनी पुस्तकं काढली, वाचनालयातून काही आणली, काकूंच्या लेकीलाही फोन केला. त्यातून जे समजलं ते तुम्हाला सांगावंसं वाटलं. त्याला आणखी एक कारण आहे, ते शेवटी सांगते.

आपण ‘देश’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे काय येतं? माती, भाषा, पूर्वज, देव, सणवार. आपला महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला तो मराठी भाषेच्या आधारावर. त्यासाठी १०५ जणांनी हौतात्म्य पत्करलं. आमच्या रोह्याचे सी. डी. देशमुख तेव्हा देशाचे अर्थमंत्री होते आणि कुलाबा जिल्ह्यातून लोकसभेवर निवडून गेलेले होते. मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं. रोह्यात हे आजही अभिमानाने सांगितलं जातं. म्हणजे ‘आपण कोण’ याचं आपलं उत्तर भाषेत आणि मातीत आहे.

अमेरिकेची गोष्ट वेगळी झाली. १७७६ मध्ये तिथल्या तेरा वसाहती इंग्लंडच्या राजाविरुद्ध उठल्या. आता बघा, उठणारे पुढारी बहुतेक इंग्रजच. भाषा राजाचीच, धर्म साधारण तोच, पूर्वजही तिकडचेच. ‘तुम्ही परके, आम्ही वेगळे’ असं म्हणायला त्यांच्याकडे जागाच नव्हती. मग वेगळं व्हायचं ते कशाच्या जोरावर? त्यांना कारण लिहून द्यावं लागलं. ४ जुलै १७७६चा जाहीरनामा म्हणजे हे कारण. थॉमस जेफरसन यांनी त्याचा मुख्य मसुदा लिहिला. त्याचा अर्धाअधिक भाग राजाविरुद्धच्या तक्रारींची यादी आहे. पण त्याआधी काही तत्त्वं मांडली आहेत. सगळी माणसं समान जन्माला येतात. जगण्याचा, स्वातंत्र्याचा आणि आपलं सुख शोधण्याचा हक्क जन्मासोबतच येतो, तो राजाने दिलेला नसतो. सरकारला अधिकार मिळतो तो लोकांच्या संमतीने. आणि सरकार हे हक्क राखत नसेल तर ते बदलायचा लोकांना अधिकार आहे.

वाचताना मला आमच्या बचत गटाचीच आठवण झाली. हसू नका! आमच्या गटात एकीचं माहेर मुरुडचं, एकीचं सुधागडचं, कोणी कोळीवाड्यातली, कोणी आदिवासी वाडीवरची, कोणी माझ्यासारखी मास्तरांची मुलगी. एका रक्ताच्या नाही, एका जातीच्या नाही. गट झाला तो कसा? अंगणवाडीच्या ओसरीवर बसून आम्ही एक वही उघडली. नाव ठरलं, दरमहा किती भरायचं ते ठरलं, कर्ज कोणाला आणि किती व्याजाने हे ठरलं. अध्यक्ष उशिरा आली तर तिलाही दंड, असाही नियम केला. बँकेतून पैसे काढायला एकीची सही चालणार नाही, दोघींची लागेल. मग सगळ्यांनी खाली सह्या केल्या, दोघींनी अंगठे उठवले. त्या दिवशी गट ‘झाला’. त्याआधी आम्ही नुसत्या शेजारणी होतो.

अमेरिकेने १७८७ मध्ये फिलाडेल्फिया शहरात असंच केलं. बंद दाराआड चार महिने चर्चा करून त्यांनी राज्यघटना लिहिली. तिची सुरुवात राजाच्या किंवा देवाच्या नावाने होत नाही, ‘आम्ही लोक’ इथून होते. कारभाराचे तीन भाग पाडले: कायदे करणारे, अंमल करणारे आणि न्याय देणारे. एकाने दुसऱ्यावर लक्ष ठेवायचं. म्हणजे आमच्या दोन सह्याच म्हणा ना. सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, असंही त्यात लिहिलं. १७९१ मध्ये दहा दुरुस्त्या जोडल्या. त्यातली पहिलीच अशी की सरकारने कोणता एक धर्म सरकारी करायचा नाही आणि लोकांच्या बोलण्यावर, छापण्यावर, सभेवर, गाऱ्हाणं मांडण्यावर गदा आणायची नाही. पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन दोन मुदती झाल्यावर १७९७ मध्ये मुकाट्याने आपल्या शेतावर परतले. तोवर जग राजे मरेपर्यंत गादीवर बसलेले पाहत होतं. गंमत म्हणजे या घटनेत सरकारी भाषेचा उल्लेखच नाही. इंग्रजी ही अधिकृत भाषा असल्याचा अध्यक्षांचा आदेश निघाला तो थेट मार्च २०२५ मध्ये.

तेव्हा काकूंच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर मिळालं. जो देश रक्ताने नाही, ठरावाने झाला, त्यात ठराव मान्य करून सही करणारा माणूस सामील होऊ शकतो. काकूंच्या लेकीने घेतलेली शपथसुद्धा कोणा माणसाच्या किंवा मातीच्या नावाची नाही. ती आहे राज्यघटना राखण्याची. तिच्या वेळी शंभर प्रश्नांची यादी होती. त्यातले दहापर्यंत प्रश्न तोंडी विचारायचे आणि सहा उत्तरं बरोबर यायला हवीत. ऑक्टोबर २०२५पासून अर्ज करणाऱ्यांसाठी यादी १२८ प्रश्नांची झाली आहे. तिच्या यादीतला पहिलाच प्रश्न होता, देशाचा सर्वोच्च कायदा कोणता? उत्तर, राज्यघटना.

इथवर वाचून कोणाला वाटेल, बाईंना अमेरिकेची भुरळ पडली! थांबा. आता उरलेलं निम्मं सांगते.

‘आम्ही लोक’ असं लिहिणारे सगळे पुरुष होते आणि सगळे गोरे. ‘सगळी माणसं समान’ असं लिहिणाऱ्या जेफरसन यांच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम होते. आयुष्यभरात मिळून सहाशेच्या वर. घटनेत तर गुलामांची शिरगणती करताना पाच माणसांची तीन धरायची, असा हिशेब केला होता. ज्यांची मूळ जमीन, त्या तिथल्या आदिवासींना हाकलत हाकलत पश्चिमेला नेलं. त्या सगळ्यांना सरसकट नागरिकत्व मिळायला १९२४ साल उजाडलं. बायकांचं तर कोणी नावच घेतलं नाही. अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्स या बाईंनी मार्च १७७६ मध्येच आपल्या नवऱ्याला पत्र लिहून बजावलं होतं, की नवे कायदे कराल तेव्हा बायकांना विसरू नका. नवरा पुढे देशाचा दुसरा अध्यक्ष झाला. पण त्याने ती गोष्ट हसण्यावारी नेली. आपल्याकडे नाही का, ‘तुला काय कळतंय यातलं’ म्हणतात, तसंच!

आणि बाहेरून येणाऱ्यांचं काय? १७९० च्या पहिल्या नागरिकत्व कायद्यात लिहिलं होतं की अर्जदार स्वतंत्र ‘गोरा’ माणूस असला पाहिजे. भगतसिंग थिंड हे पंजाबी गृहस्थ पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तरी १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. आधी मिळालेलं नागरिकत्व काढून घेतलं. आपल्या लोकांना ते दार उघडलं १९४६ मध्ये. आणि आपले डॉक्टर, इंजिनियर मोठ्या संख्येने जाऊ लागले ते १९६५ चा नवा कायदा झाल्यावर. काकूंच्या लेकीला ती शपथ घेता आली, त्यामागे हा एवढा इतिहास आहे.

मग त्या जाहीरनाम्याला अर्थ काय राहिला? मला वाटतं, खरी गोष्ट इथेच आहे. ज्यांना त्या कागदातून वगळलं होतं, त्यांनी तो कागद फाडला नाही. तोच कागद हातात घेऊन ते दारात उभे राहिले. १८४८ मध्ये सेनेका फॉल्स या छोट्या गावात बायकांची परिषद भरली. एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी त्याच जाहीरनाम्याच्या धर्तीवर बायकांचा जाहीरनामा लिहिला. फक्त ‘पुरुष’ होते तिथे ‘पुरुष आणि स्त्रिया’ केलं, आणि राजाविरुद्धच्या तक्रारींच्या जागी पुरुषांविरुद्धच्या तक्रारी घातल्या! गुलामीतून पळून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८५२ मध्ये भरसभेत विचारलं, की तुमच्या स्वातंत्र्यदिनाशी गुलामाचा काय संबंध? यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामी कायद्याने संपली. १८६८ मध्ये, त्या देशात जन्मलेला तो नागरिक, असं घटनेत आलं. बायकांना देशभर मत मिळालं १९२०ला. अ‍ॅबिगेलबाईंच्या पत्रानंतर १४४ वर्षांनी! १९६३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांनी वॉशिंग्टनच्या सभेत याच कागदांना वचनचिठ्ठी म्हटलं. ती काळ्या लोकांसाठी कधी वटलीच नाही, ती वटवायला आम्ही आलो आहोत, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे भांडण अजून संपलेलं नाही. तिथे जन्मलेल्या काही मुलांना जन्माने नागरिकत्व मिळू नये, असा आदेश अध्यक्ष ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये काढला आणि लगेच तो न्यायालयात गेला. पुन्हा तोच प्रश्न. ‘आम्ही लोक’ म्हणजे कोण कोण?

आता म्हणाल, यात आपल्या रायगडचा काय संबंध? आहे, आणि जवळचा आहे.

महात्मा फुल्यांनी तरुणपणी थॉमस पेन यांचं ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचलं होतं. हे पेन अमेरिकेच्या स्वातंत्र्यासाठी लेखणी झिजवणारे. १८७३ मध्ये जोतिबांनी ‘गुलामगिरी’ लिहिलं, ते अर्पण केलं अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, कारण त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनीही शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, असा त्यामागचा हेतू.

दहा वर्षांनी, १८८३ मध्ये, अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी बोटीने अमेरिकेला गेल्या. त्याआधी गोपाळरावांच्या नोकरीपायी काही काळ त्या आपल्या अलिबागला राहिल्या होत्या. तिथे रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना लेकीसारखं घरात घेतलं. दंतवैद्याकडे बसल्या असताना एका मासिकात आनंदीबाईंविषयी वाचून या बाईंनी आपण होऊन पत्र लिहिलं होतं. ना नातं, ना गाव एक! आनंदीबाई १८८६ च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून डॉक्टर झाल्या. तेव्हा एकविसावं वर्षही पूर्ण झालं नव्हतं. वर्षभरात त्या गेल्या आणि त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंनी आपल्या घराण्याच्या स्मशानात, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी इथे ठेवून घेतल्या. लेक परकी होते म्हणजे काय, या काकूंच्या प्रश्नाला हेही एक उत्तर आहे.

त्या पदवीदानाला पंडिता रमाबाई मुद्दाम गेल्या होत्या. पुढे दोनेक वर्षं त्या अमेरिकाभर हिंडल्या आणि परत आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हे पुस्तक मराठीत लिहिलं. तिथली राज्यव्यवस्था, घरदार, शाळा, बायकांच्या संस्था, सगळं एका मराठी बाईच्या नजरेने. राजाशिवाय राज्य चालतं आणि बायका एकत्र येऊन संस्था चालवतात, याचं त्यांना अप्रूप वाटलं. पण काळ्या लोकांना आणि मूळ रहिवाशांना दिली जाणारी वागणूक त्यांनी झाकून ठेवली नाही. गोडवेही गायले आणि कानही धरले. कोणत्याही देशाकडे असं बघता आलं पाहिजे.

आणि महाड! आपल्याच जिल्ह्यातलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. २० मार्च १९२७ रोजी त्यांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. आता यातली खोच बघा. सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले असावेत, असा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात १९२३ मध्येच मंजूर झाला होता. महाडच्या नगरपालिकेनेही तळं खुलं केल्याचा ठराव केला होता. कागद होता, पाणी मिळत नव्हतं. बाबासाहेबांनी कागदावरचं वचन वसूल केलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाडला दुसरी परिषद झाली. तिथे मनुस्मृती जाळली आणि माणसाच्या जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. त्या वेळी बाबासाहेबांनी बायकांची वेगळी सभा घेतली होती, हेही आपण लक्षात ठेवायला हवं. तळ्याचा खटला दहा वर्षं चालला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला.

हेच बाबासाहेब पुढे आपल्या घटनेचा मसुदा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष झाले. आपली घटनाही ‘आम्ही भारताचे लोक’ इथूनच सुरू होते. सगळं तिकडून उसनं आणलं असं मात्र नाही. स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तत्त्वं आपण बुद्धाच्या शिकवणीतून घेतली, असं बाबासाहेबांनी १९५४ मध्ये आकाशवाणीवर स्पष्ट सांगितलं होतं. आणि एका बाबतीत आपण पुढेच होतो. अमेरिकेत बायकांना मतासाठी १४४ वर्षं थांबावं लागलं, आपल्या घटनेने १९५० मध्ये पहिल्या दिवसापासून प्रत्येक बाईला मत दिलं. शिकलेली असो, नसो.

हे सगळं वाचून झाल्यावर मी काकूंच्या लेकीला फोन केला. ती म्हणाली, ‘‘ताई, हॉलमध्ये कुठकुठल्या देशांची माणसं होती. माझ्या शेजारी मेक्सिकोच्या एक आजी होत्या. शपथेत आधीच्या देशाची निष्ठा सोडते असं म्हणावं लागतं. तिथे माझा शब्द घशातच अडला. आजींनी माझा हात धरला, त्यांचाही आवाज फुटत नव्हता.’’

मी विचारलं, ‘‘मग आता तू तिकडची झालीस का गं पूर्ण?’’

ती हसली. ‘‘कागदावर झाले. मत देता येईल, निवडणुकीला उभंही राहता येईल. आपले बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून तिथल्या संसदेवर निवडून आलेच की. अध्यक्ष मात्र मला होता येणार नाही, त्याला जन्माने नागरिक लागतो. आणि दुकानात अजून कोणीतरी विचारतंच, तुम्ही मूळच्या कुठल्या? पण ताई, आता मला उलट विचारता येतं, का विचारताय? कागदाचा एवढाच उपयोग, आणि तो थोडा नाही.’’ मग जरा थांबून म्हणाली, ‘‘आईला सांग, पेणहून गणपती मागवलाय. मराठी सोडायची असं कुठल्याही शपथेत लिहिलेलं नाही.’’

आपला देश दोन नागरिकत्वं चालवून घेत नाही, त्यामुळे तिला भारतीय पासपोर्ट परत करावाच लागला. २००५ पासून मिळणारं परदेशस्थ भारतीयांचं कार्ड ती घेणार आहे. त्यावर येता-जाता येईल, राहता येईल. इथे मत नाही देता येणार आणि शेतजमीन विकत घेता येणार नाही. आजोळच्या भाताच्या तुकड्याशेजारी आणखी थोडी जमीन घ्यायचं तिचं स्वप्न होतं, ते राहिलं. काहीतरी मिळवताना काहीतरी सुटतं. ते काकूंना दुखतंय, तर दुखू द्यावं. त्याला वेडेपणा म्हणू नये.

आता ते शेवटचं कारण सांगते. सांगताना मला थोडी लाज वाटते.

आमच्या आळीच्या टोकाला भाड्याच्या खोलीत एक बिहारची बाई राहते. नवरा धाटावला कारखान्यात. बारा वर्षं झाली इथे. तिची मुलगी मराठी शाळेत पहिल्या तीनांत असते. धावीरमहाराजांची पालखी दारावरून जाते तेव्हा ही रांगोळी काढून उभी असते. दोन वर्षांपूर्वी तिने आमच्या गटात यायचं म्हणून विचारलं होतं. गटात कुजबुज झाली. ‘ती आज आहे, उद्या नाही.’ ‘आपल्यातली नाही ती.’ मी गटाची सचिव. मी काय केलं? काहीच नाही. ‘पुढच्या सभेत बघू’ म्हटलं आणि ती पुढची सभा कधी आलीच नाही. वहीतसुद्धा मी त्याची नोंद केली नाही. काकूंचे डोळे पुसताना मला ती बाई आठवली आणि घास घशात अडकल्यासारखं झालं.

गेल्या महिन्याच्या सभेत मी वही उघडली आणि पहिल्या पानावरचे आमचेच नियम मोठ्याने वाचले. सभासद अठरा वर्षांवरची बाई असावी, याच वस्तीत राहणारी असावी, दरमहा ठरलेली बचत भरावी. गावाचा, जातीचा, भाषेचा शब्दही नव्हता. सगळ्या गप्प. मग आमच्यातली एक जण म्हणाली, ‘‘कर्ज घेऊन गावी निघून गेली तर? पैसे आपल्या घामाचे आहेत.’’ तिचं म्हणणं खोटं नव्हतं. कोणीतरी तोडगा काढला, आधी सहा महिने तिने नुसती बचत भरावी, मग कर्ज. त्यावर वाडीवरून येणारी आमची सगळ्यात अबोल सभासद एकदम बोलली, ‘‘हा नियम आपल्याला व्हता का? मी आली तवा मलाबी घर नव्हतं.’’

बराच वेळ वाद झाला. शेवटी ठरलं की सहा महिन्यांचा नियम करायचा, पण पुढे येणाऱ्या प्रत्येकीला तोच, मग ती रोह्याची असो की कुठली. मतं घेतली. नऊ बाजूने, दोन विरुद्ध. विरोध करणारी एक जण त्यानंतर सभेला आलेली नाही. मी तिच्या घरी दोनदा जाऊन आले, अजून जाईन. तीही आमचीच आहे.

परवाच्या सभेत ती बिहारची बाई आली. वहीत सही करताना तिचा हात थरथरत होता. हिंदीत केली सही, पण अक्षरं आपलीच की. मी सवयीने विचारणार होते, ‘गाव?’ नोंदवहीत तसा रकाना आहे. तिने माझ्याकडे पाहिलं, मी लिहिलं, ‘रोहा’.

४ जुलै २०२६ म्हणजे त्या जाहीरनाम्याची २५० वर्षं. मोठ्या देशाच्या मोठ्या गोष्टी. आपल्या घटनेचं पहिलं पान मात्र आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीलाच छापलेलं असतं. काकूंना मी ते वाचून दाखवलं. लेक परदेशी गेल्याचं दुःख त्याने कमी झालं नाही, होणारही नव्हतं. पण जाताना उंबऱ्याशी थांबून त्या म्हणाल्या, ‘‘त्या मेक्सिकोच्या आजींनी माझ्या लेकीचा हात धरला ना, तसं कोणीतरी तुमच्या त्या बिहारणीला धरायला हवं होतं. बारा वर्षं लावलीत गं तुम्ही!’’

मी काय बोलणार? खरंच होतं ते.